इंजन बंद, शंका बंद

नवेगाव बांधाहून चिचगडकडे निघालं की जंगल सुरू होण्याच्या तोंडाशी एक फाटा लागतो. तिथल्या मोहाच्या झाडाखाली त्या दिवशी गाड्यांची जत्रा भरली होती. जीपा होत्या, व्हॅन होत्या, धानाचे मिनी ट्रक होते, आणि काचेवर अजून हळदीची बोटं असलेली एक नवीकोरी कारही होती. सगळ्यांचे बॉनेट उघडे. दवाखान्यात रांगेनं जीभ दाखवायला बसावं तशा त्या गाड्या तोंड वासून उभ्या होत्या. माणसं नारळ घेऊन ताटकळत होती, आणि भजीवाल्या छोटेलालची कढई सकाळपासून खाली उतरली नव्हती.

झाडाखाली पाटावर महाराज बसले होते. पांढरं धोतर, कपाळभर शेंदूर, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेच्या मधोमध ओवलेला एक जुना स्पार्क प्लग. उजव्या पायाला घोट्यापर्यंत चंदनाचा लेप होता. लोक फक्त त्याच पायाला हात लावत, कारण ब्रेक उजव्या पायानं दाबतात. डाव्या पायाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

या माणसाला पंचक्रोशीत ब्रेकमहाराज म्हणतात. मी त्याला इंद्रकुमार म्हणतो. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मी मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो, आणि इंद्रकुमार माझा विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणजे हजेरीपटावरचा. पाना उलटा धरायचा, बोल्टचा आटा मारायचा, आणि परीक्षेत नापास होऊन पुन्हा तोंड दाखवायला आला नाही. अर्धं आयुष्य मी पोरांना ब्रेक शिकवण्यात घालवलं. नमस्कार सोडा, एखाद्यानं चहा पाजल्याचंही मला आठवत नाही. आणि इथं या पठ्ठ्याच्या पायाशी माणसं लोळण घेत होती. तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात आग पेटली होती. झेंडूचा एकेक हार त्याच्या गळ्यात पडायचा आणि माझा घास कोणी काढून घेतल्यासारखं मला वाटायचं.

त्यात पुढचा नंबर माझ्याच मेहुण्याचा होता. बकाराम भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, चंद्रकांताबाईचे यजमान; तिला मी नुसती बाई म्हणतो. त्यांच्या व्हॅनचं ब्रेकचं पेडल दिवाळीपासून पार तळाला टेकत होतं. सख्खा मेहुणा ब्रेकचा मास्तर, पण भाऊजी गाडी घेऊन दर खेपेला इंद्रकुमारकडे. दुसऱ्याच दिवशी पुष्पांजलीचं, माझ्या भाचीचं, चिचगडला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सगळं घर त्याच व्हॅनमध्ये बसून जंगलातली लांब उतरण उतरणार होतं. बाईनं मला आदल्या दिवशी कामाला बोलावलं होतं, म्हणून मी भाऊजींसोबत त्या गाडीत बसून आलो होतो. मधल्या वाटेवर भाऊजी ब्रेक दाबताना मी त्यांच्या पायाकडे पाहत होतो, आणि प्रत्येक वळणावर माझा स्वतःचा पाय आपोआप पुढे जात होता.

महाराज उठले. गाडीभोवती फिरले, टायरला कान लावला आणि मान हलवली. "गाडीले बी जीव असते, भाऊ," ते म्हणाले. "पेडल खाली जाऊन राहिला, म्हणजे गाडीचा जीव पाताळात जाऊन राहिला. त्याले हाका मारून वर आना लागते." मग हात उंचावून त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि सगळ्या गर्दीनं ते मागून म्हटलं:

"आँख बंद, इंजन बंद, शंका बंद."

इंजन बंद झालं. लोकांनी डोळे मिटले. महाराज सीटवर बसले, चंदनाचा पाय पेडलवर ठेवला आणि हाक सुरू केली. ये वर, ब्रेकदेवा, ये वर, ये वर. दर हाकेला पाय खाली, दर हाकेला पाय वर. हाका संपल्या तसे ते उतरले आणि भाऊजींना आत बसवलं. भाऊजींनी पेडल दाबलं. तळाला टेकणारं पेडल वरच्या वर अडलं, आणि असं घट्ट की भाऊजींनी सगळा जोर लावला तरी हलेना.

"दगड झाला जी," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता इंजन चालू कर," महाराज म्हणाले. "पेडल जरासा खाली बसंल. भिऊ नोको. देव आसनावर बसते तवा आसन दबतेच."

भाऊजींनी चावी फिरवली. पेडल त्यांच्या पायाखाली जरासं खाली बसलं. देव आसनावर बसल्याचं भाऊजींनी हात जोडून जाहीर केलं, आणि गर्दीनं जयजयकार केला. मी मात्र हात जोडले नाहीत, कारण हा चमत्कार माझा होता. हा धडा मी दर वर्षी पोरांना शिकवतो, शब्दन्‌शब्द हाच. इंजन बंद करा, पेडल दाबत राहा, घट्ट होईल; पाय तसाच ठेवून इंजन चालू करा, जरासं खाली जाईल; म्हणजे बूस्टर ठीक आहे असं समजा. दोन वर्षांत इंद्रकुमारनं मन लावून ऐकलेला बहुधा तो एकच तास असावा.

यानंतर जे झालं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची पोरं. भाऊजींच्या गावात उन्हाळी धानासाठी तलावाचं तुडूम उघडतात, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, तेव्हा पहिल्या धारेचं पाणी लोट्यात धरतात आणि नांगराच्या फाळावर, बैलाच्या खुरांवर ओततात. पुढे ट्रॅक्टर आले, मग गाड्या आल्या, आणि तेच पाणी टायरवर पडू लागलं. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. पण इंद्रकुमारनं या रिवाजाचं मर्म ओळखलं होतं. पाण्याला नाही म्हणणारा कोहळी अजून जन्मायचा आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं लोट्यातलं तुडुमाचं पाणी टायरवर ओतलं नाही. बॉनेटखालच्या छोट्या पांढऱ्या बाटलीचं झाकण काढलं आणि तिच्यात ओतलं. ती ब्रेक ऑइलची बाटली होती.

"अरे, तिथं पाणी टाकू नोको," मी ओरडलो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इंद्रकुमारनं मला ओळखलं, आणि तो गडबडला नाही. हात जोडून पुढे आला. "या सर," तो म्हणाला. "भाऊहो, हे माहे गुरुजी. यायनं मले लय शिकवलं. फकस्त श्रद्धा शिकवाची राहून गेली." लोक खो खो हसले. भाऊजीही हसले. मग त्यानं बॉनेट बंद करून त्यावर लाल धागा बांधला आणि साक्षगंध पार पडेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही अशी ताकीद दिली. उघडलं तर देव उठून जाईल, आणि उद्या निघताना पुन्हा दर्शन घेऊन जा.

संध्याकाळी बाईच्या अंगणात मी भाऊजींपुढे विषय काढला. गाडीत बसून आलो तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं. पहिल्यांदा दाबलं की पेडल तळाला जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर मिळतं, आणि दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकत नाही. सरकलं असतं तर तेल गळतंय किंवा आतलं रबर गेलंय असं म्हटलं असतं. स्पंजासारखं लागलं असतं तर नळीत हवा शिरली असं म्हटलं असतं. हे तसं नाही. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये ब्रेक शू आणि ड्रम यांच्यात अंतर पडलंय, आणि तुमचा निम्मा पाय ते अंतर भरण्यातच खर्च होतो. एक तास गाडी द्या, चाक उघडतो.

भाऊजींनी साफ नकार दिला. "पेडल घडीघडी खाली जाते, ते घरात कोनी शंका घेते म्हनून," ते म्हणाले. "महाराजानं पयलेच सांगतलं होतं. आता समजलं कोन घेते ते."

मी बाईकडे पाहिलं. ती लाखोरीची डाळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "यादोराव, तू जळून राहिला. लहानपनापासून तुहं असंच आहे. दुसऱ्याचं भलं झालं का तुह्या पोटात दुखते."

बाईचं बोलणं खोटं असतं तर मला राग आला असता. ते खरं होतं म्हणून जास्त आला. मी उठून गोठ्यापर्यंत गेलो, परत आलो. माणसं मला खोटारडा म्हणत नव्हती. खोटारडा म्हटलं असतं तर पुरावा दिला असता. ती मला जळका म्हणत होती, आणि तो मी होतोच. पण उद्या पुष्पांजली नवी साडी नेसून त्या गाडीत बसणार होती. माझं पोट दुखो की फुटो, त्या पेडलला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. हे मनात आलं आणि मी बाईजवळ जाऊन बसलो.

"बाई, मी जळतो. मान्य," मी म्हणालो. "मग माह्यावर इसवास ठेवू नोको. महाराजावर बी नोको ठेवू. तू सोता दाबून पाह्य."

"मले का समजते गाडीतलं?"

"तलावातलं समजते नं? पाळीतून पानी झिरपून राहिलं, त तुहे मामाजी का करत होते?"

तिचे सासरे आयुष्यभर गावच्या तलावाचं पाणी वाटत असत. बाईचं सूप पहिल्यांदा थांबलं. "मामाजी पाळीखाली उतरून भोक पाहत," ती म्हणाली.

"नारळ फोडून घरी नोयते येत?"

"नारळ बी फोडत. पन भोक बुजवल्यावर," बाई म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली. निजायला जाताना तिनं मला विचारलं की पाण्यानं ब्रेकचं नेमकं काय होतं. मी ते सांगितलं, महाराजांच्या हाकेमागची युक्तीही सांगितली, आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

रातोरात मी सौंदडला माझ्या घरी जाऊन माझी छोटी कार घेऊन आलो, सोबत अवजारांची पेटी आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. सकाळी पुढे भाऊजींची खचाखच भरलेली व्हॅन, मागे मी. फाट्यावर महाराज सज्ज होतेच. माणसं दर्शनाला उतरली. भाऊजी नारळ घेऊन पुढे झाले, तेवढ्यात बाई सरळ माझ्या कारपाशी आली आणि दार उघडून चालकाच्या जागेवर बसली. जरीच्या काठाची साडी, अंबाड्यात गजरा, आणि पाय ब्रेकवर.

"महाराज," तिनं हाक मारली. "ह्या गाडीले तुम्ही कधी हात लावला का?"

महाराज म्हणाले, नाही. जळक्या माणसाच्या गाडीला आपण हात लावत नाही. लोक हसले.

"इंजन बंद आहे," बाई म्हणाली. "शंका चालू आहे. आता मी बी मंतर म्हनतो." आणि ती मोठ्यानं म्हणू लागली, "वांगं. भेदरं. चवळी. कोहळं. लाखोरी." दर भाजीला पाय खाली, दर भाजीला पाय वर. मग तिनं उतरून समोरच्या मिनी ट्रकवाल्याला आत बसवलं आणि पेडल दाबायला लावलं. तो दणकट माणूस, त्यानं दोन्ही हात सीटला टेकून जोर केला. पेडल हललं नाही.

"दगड आहे," तो चाचरत म्हणाला.

बाईनं त्याला पाय तसाच ठेवायला सांगून चावी फिरवली. ट्रकवाल्याचा पाय जरासा खाली गेला आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आता हा कोनता देव बसला, महाराज?" बाईनं विचारलं. "वांग्याचा का भेदऱ्याचा?"

गर्दीच्या माना महाराजांकडे वळल्या. पण इंद्रकुमार कच्च्या गुरूचा चेला नव्हता. गुरू मीच की. तो शांतपणे हसला आणि म्हणाला, "बाई, भाजीत बी देव आहे." आणि लोक पुन्हा हसले, या वेळी त्याच्या बाजूनं. उत्तर इतकं झकास होतं की मला त्याचाही हेवा वाटला. इतक्या वर्षांत वर्गात मला असं एकही उत्तर सुचलं नव्हतं.

मग मी पुढे झालो आणि जमेल तसं समजावलं. पेडलच्या पुढे एक मोठा डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. चालू इंजन त्या डब्यातली हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीनं तो डबा तुमच्या पायाला मदत करतो. इंजन बंद केलं की मदत थोडी शिल्लक राहते. पाच-सात वेळा दाबलं की ती संपते आणि पेडल दगड होतं. कोणाचीही गाडी, कोणताही मंत्र. पेडल वर का येतं, तर भराभर दाबलं की ब्रेक शू मागे सरकायला वेळ मिळत नाही आणि मधलं अंतर तेवढ्यापुरतं भरून निघतं. घरी जाईपर्यंत ते पुन्हा पडतं. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. पाहायचंच असेल तर इंजन चालू ठेवून पहिल्याच दाबाला पेडल कुठं थांबतं ते पाहा.

लोकांनी ऐकलं, पण मागून कोणीतरी म्हणालंच, "सर, तुम्ही त जळता."

"हो, जळतो," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "याच्या पायाले तुम्ही हात लावता अन् मले कोनी रामराम करत नाई, म्हनून मी जळतो. म्हनूनच माहं ऐकू नोका. मी खोटं बोलू शकतो. छोटेलालची कढई खोटं बोलनार नाई. मले दोन पळ्या द्या."

छोटेलाल घाबरला. "सर, मेरे तेल में कुछ गिर गया तो?" मी सांगितलं की ते कढईभर तेल माझं झालं, एक थेंबही कोणाला खायला घालायचा नाही, सगळं फेकून द्यायचं. एका पळीत मी डबा सगळ्यांसमोर फोडून नवं ब्रेक ऑइल घेतलं. दुसऱ्या पळीसाठी भाऊजींच्या व्हॅनच्या बाटलीतलं पाहिजे होतं, आणि तिथं तो लाल धागा होता. भाऊजी बॉनेटसमोर हात पसरून उभे राहिले. धागा तुटला तर पोरीच्या साक्षगंधाला विघ्न, ते म्हणाले. त्यांचं पोरीवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्या प्रेमापोटीच ते पोरीला त्या गाडीत बसवायला निघाले होते.

पुष्पांजली इतका वेळ गाडीत मान खाली घालून बसली होती. ती उतरली. "बाबा, साक्षगंध माहं आहे," ती म्हणाली, "धागा बी मीच तोडतो." तिनं हिरव्या बांगड्यांचे हात पुढे केले आणि धागा ओढून तोडला. आभाळ कोसळलं नाही. मी सिरिंजनं बाटलीतलं तेल ओढून दुसऱ्या पळीत सोडलं.

बाटलीतल्या तेलाची पळी भाऊजींच्या हातात दिली, नव्या तेलाची बाईच्या हातात. दोघांनी पळ्यांचे बूड भजीच्या कढत तेलात टेकवून धरले. गर्दी कढईभोवती गोळा झाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग भाऊजींच्या पळीत कडेनं बुडबुडे उठले. बुडबुड्यांचा फेस झाला, फेस तडतडला, आणि तेल पळीबाहेर उडालं तसे पुढचे लोक मागे सरकले. बाईच्या पळीतलं तेल तसंच निवांत होतं, एक बुडबुडा नाही.

"त्यात आपलं पानी उकळून राहिलं," मी म्हणालो. "भरल्या गाडीनं लांब उतरण उतरताना ब्रेक असेच तापतात. तेल तापलं तरी दबत नाई, म्हनून तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचते. पान्याची वाफ होते, अन् वाफ दबते. पाय थेट तळाले जाते. चाकाले काहीच समजत नाई."

भाऊजी पळीकडे पाहतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "उतरनीवर झालं असतं?"

"झालं असतं, भाऊजी."

त्यांनी पळी खाली ठेवली. पुष्पांजलीकडे पाहिलं, तिच्या साडीकडे पाहिलं आणि जमिनीवरच बसले. तुडुमाचं पाणी वाईट नाही, ते पुटपुटत होते, आपलं पाणी वाईट नाही. बाई त्यांच्याजवळ गेली. "पानी चांगलंच आहे जी," ती म्हणाली. "पन ते धानाच्या बांधीत पाह्यजे, बाटलीत नाई."

गडबडीत इंद्रकुमार मोटारसायकलपाशी पोचला होता. मी आडवा गेलो. त्यानं माळ काढून खिशात कोंबली, आणि हळू आवाजात जे बोलला ते मी अजून विसरलो नाही. "सर, तुम्ही हेच शिकवलं, तवा पोरं झोपून राहत. मी याले मंतर म्हटलं त रांग लागली. मंग चूक कोनाची?" त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या ड्रमवरचा झिजेचा काटा आतले ब्रेक शू नवे असल्याचं सांगत होता, स्वतःचा ब्रेक त्यानं मंत्रावर सोडला नव्हता. ते मी लोकांना बोट दाखवून दाखवलं. मग तो निघाला तेव्हा त्याला कोणी थांबवलं नाही आणि कोणी पायही धरले नाहीत.

साक्षगंधाच्या घरी फोन करून उशिराची वर्दी दिली आणि मी तिथंच व्हॅनचं मागचं चाक उतरवलं. ड्रम ठोकून काढला तसा आतून बांधीतला वाळका चिखल पडला. धान कापणीत भाऊजी व्हॅन थेट बांधीत उतरवून पोती भरत. शू झिजले की आपोआप पुढे सरकवणारी एक छोटी पट्टी ड्रममध्ये असते. ती चिखलानं आणि गंजानं जाम झाली होती. शू झिजत गेले, अंतर वाढत गेलं, पेडल खाली जात गेलं. पाताळ एवढंच होतं. लोक वाकून वाकून पाहत होते, आणि मी मुद्दाम सावकाश दाखवत होतो. दोन्ही चाकं साफ करून पट्ट्या मोकळ्या केल्या, शूची झीज अजून चालेल इतपत होती, ते ड्रमला अलगद घासेपर्यंत जवळ आणले आणि जरासे सोडले. मग सगळं जुनं तेल काढून नवं भरायचं होतं. त्याला एकानं पेडल दाबावं लागतं आणि दुसऱ्यानं चाकापाशी तेल बाहेर सोडायचा निपल सैल करावा लागतो. दाबायला भाऊजी स्वतः उठून बसले. दाबा, धरून ठेवा, सोडा, असं मी खालून म्हणत राहिलो आणि ते वरून करत राहिले. चाकापाशी आधी गढूळ तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार.

शेवटी मी त्यांना इंजन चालू करायला सांगितलं आणि एकदाच दाबायला सांगितलं. पेडल वर थांबलं. दगड नव्हतं, तळाला गेलं नाही, थांबलं. फाट्यावरच्या सपाट रस्त्यावर त्यांनी गाडी पुढे नेली, थांबवली, परत आणली. मग उतरून ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

पान्यावरचं ग्रीस पुसत मी उठलो, तेव्हा तो मिनी ट्रकवाला माझ्यासमोर आला, खाली वाकला आणि माझ्या उजव्या पायाला त्यानं हात लावला. त्याच्या मागे आणखी दोघं वाकायला लागले. खरं सांगतो, मी पाय लगेच मागे घेतला नाही. इतकी वर्षं मला हेच पाहिजे होतं, आणि ते मिळत होतं, आणि ते फार गोड होतं. गर्दीला महाराज बदलून हवा होता, आणि मी उभाच होतो. मग माझी नजर बाईकडे गेली. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मी पाय मागे घेतला.

"माह्या पायात काही नाई," मी त्यांना म्हणालो. "मी जळका मानूस आहे, उद्या चुकीचं बी सांगीन. आपापल्या गाडीत जाऊन बसा. डोळे उघडे ठेवा, इंजन चालू ठेवा अन् आपल्या पायानं दाबून पाह्या. पेडल खाली गेला त काऊन गेला ते इचारा, अन् जो उघडून दाखवन त्याचंच ऐका."

कोणी जयजयकार केला नाही. माणसं थोडा वेळ घुटमळली, मग एकेक करून आपापल्या गाडीत चढली. झाडाखाली एकामागून एक इंजनं सुरू झाली. कोणाचं पेडल वर थांबलं, कोणाचं खाली गेलं, आणि खाली गेलेले माझ्याकडे यायच्या आधी एकमेकांना चाकं दाखवू लागले.

आम्ही निघालो तेव्हा बाई माझ्या कारमध्ये येऊन बसली. उतरण सुरू झाली. पुढे भाऊजींची व्हॅन दर वळणाला हळू होत होती, तिचे मागचे लाल दिवे पेटत होते आणि विझत होते. बाईनं मला विचारलं, अजून जळून राहिला का. मी म्हणालो, थोडा. ती म्हणाली, जळ, पण रस्त्याकडे पाह्य. मी दुसरा गिअर टाकला आणि रस्त्याकडे पाहू लागलो.